इंग्रजीतील 'इफ'ची वाक्ये आणि जाण्यायेण्याची क्रियापदे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी माध्यमातून शिकून आता इंग्रजीत पत्रव्यवहार करणाऱ्या, स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या आणि घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. दोन वेगळे विषय एकाच पानावर घेण्यामागे कारण आहे. या दोन्ही ठिकाणच्या बहुतेक चुका इंग्रजीचा नियम पाठ नसल्यामुळे होत नाहीत, तर मराठीचा अगदी बिनचूक नियम नकळत इंग्रजीत उतरल्यामुळे होतात. म्हणून शक्य तेथे आधी मराठी वाक्याची घडण पाहिली आहे आणि मग इंग्रजीकडे वळलो आहोत.

१. इंग्रजीत सशर्त वाक्याचे प्रकार किती, आणि ते पाठ करणे आवश्यक आहे का?

शाळेत मराठी व्याकरण शिकताना ज्याला आपण संकेतार्थ म्हणतो, त्याच्या जवळचा हा विषय आहे. एका उपवाक्यात अट असते आणि दुसऱ्यात त्या अटीवर अवलंबून असलेला परिणाम. इंग्रजी शिकवताना या वाक्यांना शून्य ते तीन असे क्रमांक देण्याची पद्धत आहे. 'इफ यू हीट आइस, इट मेल्ट्स' हे नेहमीच खरे असणारे विधान शून्य प्रकारात मोडते. 'इफ शी कॉल्स, आय विल टेल हर' ही पुढे घडू शकणारी गोष्ट पहिल्या प्रकारात येते, 'इफ आय न्यू हर नंबर, आय वुड कॉल हर' ही आत्ता खरी नसलेली कल्पना दुसऱ्या प्रकारात, आणि 'इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कॉल्ड' ही हातातून निसटलेली गोष्ट तिसऱ्या प्रकारात.

परीक्षेसाठी हे क्रमांक माहीत असावेत. वाक्य रचताना मात्र त्यांचा फारसा उपयोग होत नाही. त्या वेळी दोनच गोष्टी ठरवाव्या लागतात: अट खुली आहे की कल्पित, आणि कल्पित असेल तर ती आजची आहे की होऊन गेलेली. एवढे ठरले की क्रियापदाचे रूप कोणते घ्यायचे, हा प्रश्न उरत नाही.

२. 'पाऊस पडला तर' याचे इंग्रजी 'इफ इट रेन्ड' का होत नाही?

मराठीत 'उद्या पाऊस पडला तर सामना रद्द होईल' असे आपण म्हणतो. येथे 'पडला' हे रूप दिसायला भूतकाळाचे असले, तरी त्याचा अर्थ भूतकाळाचा नाही. परिणाम घडण्याआधी अट पूर्ण झालेली असेल, एवढेच ते सांगते. इंग्रजीत भूतकाळी रूपाकडे याच जागी वेगळे काम सोपवलेले आहे: ते अटीला वास्तवापासून दूर नेते. त्यामुळे 'इफ इट रेन्ड टुमॉरो' असे लिहिले, तर पाऊस पडण्याची शक्यता लेखकाला कमी वाटते, असा अर्थ वाचक घेतो आणि पुढे 'वुड'ची अपेक्षा करतो. त्याऐवजी 'विल' आले की वाक्याचे दोन भाग एकमेकांशी फटकून वागतात.

खुल्या अटीसाठी साधा वर्तमानकाळच वापरावा: 'इफ इट रेन्स टुमॉरो, द मॅच विल बी कॅन्सल्ड.' 'तो आला तर', 'वेळ मिळाला तर', 'पगार झाला तर' अशी वाक्ये मनात तयार झाली की 'आला', 'मिळाला', 'झाला' या रूपांना फसू नये. विद्यार्थ्यांच्या वह्यांत ही चूक इतरांच्या तुलनेत सर्वांत जास्त आढळते, आणि ती मूर्खपणाची नाही, हे शिकवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

३. गोष्ट भविष्यातली असूनही 'इफ'नंतर 'विल' का चालत नाही? ते कधीच चालत नाही का?

सर्वसाधारण नियम असा की भविष्याची खूण मुख्य वाक्यात एकदा आली की अटीच्या उपवाक्यात ती पुन्हा येत नाही. हाच नियम 'व्हेन', 'बिफोर', 'आफ्टर', 'अनटिल' आणि 'ॲज सून ॲज' यांनाही लागू होतो. 'तो येईल तेव्हा सांगीन' यातील 'येईल'मुळे 'व्हेन ही विल कम' असे लिहिण्याचा मोह होतो. बरोबर रूप 'व्हेन ही कम्स' हे आहे.

अपवाद मात्र खरे आहेत आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहेत. 'विल' हे जेव्हा काळ न दाखवता तयारी किंवा विनंती दाखवते, तेव्हा ते 'इफ'नंतर येते: 'इफ यू विल वेट अ मोमेंट, आय विल कॉल द मॅनेजर', म्हणजे आपण कृपा करून क्षणभर थांबाल तर. हट्ट दाखवतानाही ते येते: 'इफ यू विल ईट सो लेट, यू कान्ट कम्प्लेन.' अशा वाक्यात 'विल'वर आघात दिला जातो, आणि मराठीत आपण म्हणू, 'इतक्या उशिरा जेवायचेच म्हणता, तर तक्रार करून उपयोग नाही.' तिसरी जागा म्हणजे 'इफ'च्या उपवाक्यातच परिणाम सांगितलेला असतो ती: 'इफ इट विल हेल्प यू, आय विल लेंड यू द मनी.' येथे मदत होणे हा पैसे दिल्यानंतरचा परिणाम आहे, आधीची अट नाही.

अर्जात व कार्यालयीन पत्रांत येणारे 'आय वुड बी ग्रेटफुल इफ यू वुड सेंड द फॉर्म' हे वाक्यही या विनंतीच्याच नियमाने बरोबर ठरते. 'इफ'चा अर्थ 'की नाही' असा असेल, तर प्रश्न ८ पाहावा.

४. 'माझ्याकडे पैसे असते तर मी गाडी घेतली असती' याचे नक्की इंग्रजी कोणते?

या एका मराठी वाक्याची इंग्रजीत दोन वाक्ये होतात, आणि कल्पित अटीतला सगळा गोंधळ येथूनच सुरू होतो. कोणी आज दुकानात उभे राहून म्हणेल, 'आत्ता माझ्याकडे पैसे असते तर मी ही गाडी घेतली असती.' दुसरा कोणी गेल्या दिवाळीची आठवण काढून म्हणेल, 'तेव्हा माझ्याकडे पैसे असते तर मी ती गाडी घेतली असती.' क्रियापदांत काहीही बदल झाला नाही. आजचे की तेव्हाचे, हे 'आत्ता' आणि 'तेव्हा' या शब्दांनी किंवा संदर्भाने सांगितले.

इंग्रजी हे काम क्रियापदावर सोपवते. आजची कल्पना असेल तर 'इफ आय हॅड द मनी, आय वुड बाय द कार.' होऊन गेलेली गोष्ट असेल तर 'इफ आय हॅड हॅड द मनी, आय वुड हॅव बॉट द कार.' मराठी 'घेतली असती' डोळ्यांसमोर असल्यामुळे आपण दोन्हीकडे 'वुड हॅव बॉट' लिहितो आणि आजच्या वाक्याचा अर्थ बिघडवतो. 'असता, असती, असते' दिसले की लगेच भाषांतर करू नये. आधी वाक्यात 'आत्ता' घालून पाहावे, मग 'तेव्हा' घालून पाहावे. जे संदर्भात बसेल, त्यावरून रूप निवडावे.

'हॅड हॅड' ही छपाईची चूक आहे का, असेही अनेकजण विचारतात. ती चूक नाही. पहिले 'हॅड' सहायक क्रियापद आहे आणि दुसरे 'जवळ असणे' या अर्थाचे मुख्य क्रियापद आहे.

५. अट कालची आणि परिणाम आजचा असेल तर?

तर दोन्ही प्रकार एका वाक्यात एकत्र येतात. 'सकाळची गाडी पकडली असती तर मी आत्ता पुण्यात असतो' याचे इंग्रजी 'इफ आय हॅड कॉट द मॉर्निंग ट्रेन, आय वुड बी इन पुणे नाऊ' असे होते. उलट दिशाही शक्य आहे: स्वभाव कायमचा आणि परिणाम होऊन गेलेला. 'इफ ही वेअर मोअर केअरफुल, ही वुड नॉट हॅव लॉस्ट द टिकेट', म्हणजे तो मुळातच काळजीपूर्वक वागणारा असता तर त्याने तिकीट हरवले नसते. पाठ केलेले क्रमांक येथे कामाला येत नाहीत, प्रश्न १ मधील दोन कसोट्या येतात. फक्त त्या प्रत्येक उपवाक्याला स्वतंत्रपणे लावाव्या लागतात.

६. 'इफ आय वॉज यू' की 'इफ आय वेअर यू'?

लेखी आणि औपचारिक इंग्रजीत कल्पित अटीसाठी सर्व पुरुषांत 'वेअर' वापरावे. बोलण्यात 'वॉज' सर्रास ऐकू येते आणि त्याला अडाणीपणा समजू नये. तरीही सल्ला देताना वापरला जाणारा 'इफ आय वेअर यू' हा प्रयोग इतका रुळलेला आहे की तेथे 'वेअर'च ठेवणे चांगले. अट खरी असण्याची शक्यता असेल, तर मात्र 'वेअर' चूक ठरते. त्यासाठी पुढील प्रश्न पाहावा.

७. 'इफ'नंतर भूतकाळ दिसला की वाक्य कल्पितच समजायचे का?

नाही. होऊन गेलेल्या एखाद्या गोष्टीबद्दल आपल्याला खात्री नसते, पण ती घडली असण्याची शक्यता खुली असते. 'इफ ही सेड दॅट, ही वॉज राँग', म्हणजे तो तसे बोलला असेल तर ते त्याचे चुकले. येथे भूतकाळ खराखुरा भूतकाळ आहे आणि 'वुड'ला जागा नाही. क्षमा मागताना 'इफ आय वॉज रूड यस्टरडे, आय ॲम सॉरी' असेच म्हणावे. 'वेअर' घातले तर आपण उद्धट वागलोच नव्हतो असे सुचवून क्षमा मागितल्यासारखे होईल. ओळखण्याची खूण मराठीतच आहे: मनातल्या वाक्यात 'असेल तर' आले, तर अट खुली असते, 'असता तर' आले, तर ती कल्पित असते.

८. 'आय डोन्ट नो इफ ही विल कम' हे वाक्य चूक आहे का?

ते बरोबर आहे. येथे अट नाही. 'तो येईल की नाही, मला माहीत नाही' असा अर्थ आहे आणि 'इफ'च्या जागी 'वेदर' ठेवता येते. 'वेदर' बसत असेल तेथे 'विल' निःशंकपणे वापरावे.

९. 'अनलेस' आणि 'अनटिल' यांच्याबरोबर 'नॉट' का घालू नये?

'जोपर्यंत तू येत नाहीस तोपर्यंत मी जेवणार नाही' या मराठी वाक्यात दोन नकार आहेत आणि दोन्ही आवश्यक आहेत. तेच इंग्रजीत नेले की 'अनटिल यू डोन्ट कम, आय विल नॉट ईट' असे वाक्य तयार होते. ते भारतभर ऐकू येते, कारण हिंदीची घडणही तशीच आहे; पण प्रमाण इंग्रजीत ते चूक आहे. 'अनटिल' हा शब्द येण्याच्या क्षणाकडे बोट दाखवतो, त्यामुळे 'अनटिल यू कम' एवढेच पुरते. 'अनलेस'च्या पोटात तर नकार आधीच आहे: 'अनलेस यू हरी, यू विल मिस द बस', म्हणजे घाई केली नाहीस तर बस चुकेल.

परीक्षेत 'इफ...नॉट'चे 'अनलेस' करा असा प्रश्न येतो आणि त्यामुळे ही अदलाबदल सर्वत्र चालते असा समज होतो. 'आय विल बी सरप्राइज्ड इफ ही डझन्ट कम' या वाक्यात ती चालत नाही. 'अनलेस' म्हणजे 'एवढा एक अपवाद सोडून', आणि येथे त्याचे न येणे हा अपवाद नाही, आश्चर्याचे कारणच ते आहे. 'इफ शी वेअर नॉट सो टायर्ड, शी वुड जॉइन अस' अशा कल्पित वाक्यातही 'अनलेस' बसत नाही.

१०. 'तर' यासाठी 'देन' लिहावेच लागते का? स्वल्पविराम कुठे द्यावा?

'देन' ऐच्छिक आहे आणि बहुतेक वेळा ते गाळलेलेच चांगले. 'इफ'चे उपवाक्य आधी आले तर त्यानंतर स्वल्पविराम द्यावा; ते नंतर आले तर सहसा देऊ नये.

११. 'इन केस' आणि 'इफ' यांत फरक काय?

'टेक द की इफ आय ॲम लेट' म्हणजे मला उशीर झाला, तरच किल्ली घे. 'टेक द की इन केस आय ॲम लेट' म्हणजे किल्ली आत्ताच घेऊन ठेव. न जाणो, मला उशीर झाला तर. 'न जाणो' किंवा 'असू दे' मनात येत असेल, तर 'इन केस' निवडावे.

१२. अमेरिकी मालिकांत 'इफ आय वुड हॅव नोन' ऐकू येते. ते लिहावे का?

लिहू नये. अमेरिकेतील बोलण्यात हा प्रयोग खूप आढळतो, पण काळजीपूर्वक लिहिलेल्या गद्यात तेथेही 'इफ आय हॅड नोन' हेच रूप अपेक्षित असते. ऐकताना आणखी एक अडचण येते: 'हॅड' आणि 'वुड' या दोघांचेही संक्षिप्त रूप 'ड' असेच उच्चारले जाते. 'इफ आयड नोन, आयड हॅव कम' यात पहिले 'हॅड' आहे आणि दुसरे 'वुड'.

याच जागी 'इफ' गाळून क्रियापद पुढे आणण्याची औपचारिक पद्धतही आहे: 'हॅड आय नोन, आय वुड हॅव कम', तसेच पत्राच्या शेवटी येणारे 'शुड यू नीड एनी हेल्प, प्लीज राइट टू अस.' ही वाक्ये प्रश्नार्थक दिसली तरी प्रश्नार्थक नाहीत. त्यांच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊ नये.

१३. 'कम' आणि 'गो' हे 'येणे' आणि 'जाणे' यांच्याशी तंतोतंत जुळतात का?

बऱ्याच अंशी जुळतात, आणि ही आपल्या सोयीची गोष्ट आहे. 'मी उद्या तुमच्याकडे येतो' असे आपण ऐकणाऱ्याच्या जागेवरून म्हणतो, तसेच इंग्रजीतही 'आय विल कम टू युअर प्लेस टुमॉरो' असेच म्हणतात. 'माझ्याबरोबर येतेस का' आणि 'विल यू कम विथ मी' यांतही फरक नाही.

जुळत नाही ते आपल्या रीतीभातीमुळे. घरातून निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे, हा संस्कार मराठी घरांत आजही पाळला जातो. इंग्रजीत निरोप घेताना 'आय ॲम कमिंग' म्हटले, तर समोरच्याला काही कळणार नाही. तेथे 'आय ॲम ऑफ' किंवा 'सी यू लेटर' म्हणावे. 'आलोच' हा शब्द तर दोन ठिकाणी उपयोगी पडतो. आई स्वयंपाकघरातून हाक मारते आणि मुलगा 'आलोच' म्हणतो, तेव्हा इंग्रजीत 'कमिंग' पुरते. तोच मुलगा पाहुण्यांसमोरून उठून आत जाताना 'आलोच' म्हणतो, तेव्हा मात्र 'आय विल बी राइट बॅक' म्हणावे लागते, कारण तो आधी जाणार आहे आणि मग येणार आहे.

१४. 'ब्रिंग', 'टेक' आणि 'फेच' यांचा घोळ कसा सोडवावा?

वाक्यात 'घेऊन येणे' बसले तर 'ब्रिंग', 'घेऊन जाणे' बसले तर 'टेक', आणि 'जाऊन घेऊन येणे' असे दोन्ही फेरे असतील तर 'फेच'. 'उद्या तुझी वही घेऊन येतो' यात 'ब्रिंग', 'डबा घेऊन जा' यात 'टेक', 'मुलाला शाळेतून घेऊन ये' यात 'फेच'. अमेरिकेत मुलाला आणण्यासाठी 'पिक अप' अधिक प्रचलित आहे.

१५. 'ही हॅज गॉन टू नाशिक' आणि 'ही हॅज बीन टू नाशिक' यांत फरक काय?

पहिले 'तो नाशिकला गेला आहे', म्हणजे अजून परतलेला नाही. दुसरे 'तो नाशिकला जाऊन आला आहे', मग ते कधीही असो. स्वतःबद्दल समोरासमोर बोलताना 'आय हॅव गॉन टू दिल्ली ट्वाइस' म्हणण्यापेक्षा 'आय हॅव बीन टू दिल्ली ट्वाइस' म्हणणे योग्य, कारण बोलणारा येथेच उभा आहे.

१६. 'वी लेफ्ट पुणे' म्हणजे पुण्याला निघालो की पुण्याहून?

पुण्याहून. 'लीव्ह'नंतर थेट आलेले नाव सोडलेल्या जागेचे असते. पुण्याला निघालो असू, तर 'वी लेफ्ट फॉर पुणे' असे हवे, आणि दोन्ही सांगायचे असेल तर 'वी लेफ्ट मुंबई फॉर पुणे.' मराठीत 'ला' आणि 'हून' हे प्रत्यय जे काम करतात, ते येथे एकट्या 'फॉर'वर आले आहे. प्रवासाच्या निरोपात हा शब्द गळला की न्यायला येणारा माणूस चुकीच्या शहरातल्या स्थानकावर उभा राहू शकतो.

१७. कोणत्या क्रियापदांनंतर 'टू' लावू नये?

'रीच', 'एंटर', 'अप्रोच' आणि 'व्हिजिट' यांच्यानंतर ठिकाण थेट येते: 'वी रीच्ड कोल्हापूर', 'शी एंटर्ड द रूम'. 'पुण्याला पोहोचलो' यातील 'ला' आपल्याकडून 'रीच्ड टू पुणे' लिहून घेतो. त्याच अर्थाचे 'अराइव्ह' मात्र शब्दयोगी अव्ययाशिवाय चालत नाही: शहर असेल तर 'अराइव्ह इन', स्थानक किंवा इमारत असेल तर 'अराइव्ह ॲट'. करार किंवा चर्चा असेल, तर 'एंटर इनटू' हा प्रयोग योग्य आहे.

'होम', 'हिअर', 'देअर' आणि 'अब्रॉड' यांच्याआधी 'गो' किंवा 'कम' असले तरी 'टू' येत नाही. 'घरी' हा शब्द जसा स्वतःच दिशा सांगतो, तसेच 'गो होम' मधील 'होम'. पण घर कोणाचे ते सांगितले की 'टू' परत येते: 'आय वेंट टू माय अंकल्स हाउस.' 'खरेदीला जाणे', 'पोहायला जाणे' यांसाठीही 'टू' नको. 'गो शॉपिंग', 'गो स्विमिंग' असे म्हणावे. 'रिटर्न बॅक' यातील 'बॅक' अनावश्यक आहे.

१८. बसमधून 'गेट डाउन' की 'गेट ऑफ'? चालत जाण्याला 'बाय वॉक' म्हणावे का?

भारतीय इंग्रजीत 'गेट डाउन' रुळले आहे आणि आपल्याकडचा कंडक्टर ते समजेल, परंतु इतरत्र 'गेट ऑफ द बस' आणि 'गेट आउट ऑफ द कार' असे म्हणतात. ज्या वाहनात उभे राहता येते, त्यासाठी 'ऑन' आणि 'ऑफ', ज्यात वाकून शिरावे लागते, त्यासाठी 'इन' आणि 'आउट ऑफ', हा ढोबळ नियम बस, रेल्वे, मोटार आणि रिक्षा यांना चांगला लागू पडतो. 'बाय बस' बरोबर आहे, 'बाय वॉक' नाही. 'ऑन फूट' म्हणावे किंवा सरळ 'आय वॉक्ड' म्हणावे.

१९. 'तो धावत बाहेर गेला' याचे 'ही वेंट आउट रनिंग' असे भाषांतर खटकते का?

हो, आणि हा प्रश्न कमी लोक विचारतात याचे वाईट वाटते, कारण इंग्रजी गद्य सहज वाटण्याचे एक मोठे रहस्य येथे आहे. मराठी मुख्य क्रियापदात दिशा ठेवते आणि चालण्याची तऱ्हा बाजूला सांगते: 'धावत गेला', 'लंगडत आली', 'पोहत नदी पार केली'. इंग्रजी तऱ्हा मुख्य क्रियापदात ठेवते आणि दिशा छोट्या शब्दाकडे देते: 'ही रॅन आउट', 'शी लिम्प्ड इन', 'दे स्वॅम अक्रॉस द रिव्हर'. भाषांमधील हा भेद अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड टाल्मी यांनी १९८५ साली मांडला आणि तेव्हापासून अनेक भाषा त्या कसोटीवर तपासल्या गेल्या आहेत.

छोट्या शब्दावर एवढा भार असल्यामुळे तो बदलला की अर्थ बदलतो. 'द चिल्ड्रन रॅन इन द गार्डन' म्हणजे मुले बागेतच धावत होती. 'इनटू द गार्डन' म्हणजे ती बाहेरून धावत बागेत शिरली.

२०. 'इफ'नंतर 'विल' नको, मग 'इफ यू आर गोइंग टू' कसे चालते?

कारण तेथे 'गोइंग टू' भविष्य सांगत नाही, आधीच झालेला बेत सांगते. 'इफ यू आर गोइंग टू कॅच द सिक्स ओ'क्लॉक ट्रेन, यू शुड लीव्ह नाऊ', म्हणजे सहाची गाडी पकडायचीच असेल तर आत्ता निघायला हवे. गंमत अशी की येथे परिणाम आधी घडतो आणि अटीतली गोष्ट नंतर: निघणे आता, गाडी पकडणे सहाला. त्याऐवजी 'इफ यू कॅच द सिक्स ओ'क्लॉक ट्रेन, यू विल रीच बाय टेन' असे म्हटले, तर गाडी आधी पकडली जाते आणि पोहोचणे त्यानंतर येते, म्हणून तेथे साधा वर्तमानकाळ पुरतो. मराठीतही हा फरक ऐकू येतो: 'पकडायची असेल तर' म्हटले की 'गोइंग टू', आणि 'पकडली तर' म्हटले की साधा वर्तमानकाळ.